मुलींची रांग

शनिवारी सकाळचे नऊ वाजून गेले तरी त्या घरात कुणाला भूक लागली नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात याची कुणी दखलही घेतली नसती. पण या घराने चव्वेचाळीस वर्षं शाळेतल्या तीनशे पोरांना दुपारचं जेवू घातलं होतं. इथे कुणी शिंकलं तरी आधी 'सकाळी काय खाल्लं होतंस?' असं विचारलं जाई आणि रुमाल मागाहून मिळे. आज टेबलावर पाव झाकलेला तसाच पडून होता, अंडी उकडून गार झाली होती आणि सगळ्यांचं लक्ष नणंदेच्या फोनकडे लागलं होतं.

गुरुवारी सुनेची लेक चिमणी शाळेच्या मैदानावर पडली होती. कशाला अडखळली नाही की पाय घसरला नाही. शर्यतीच्या सरावात पळता पळता थांबली, खाली बसली आणि तशीच तोंडावर आडवी झाली. हनुवटीला तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला लावलं आणि संध्याकाळी बोलावून सांगितलं, "रक्त फारच कमी आहे. का कमी आहे ते शोधावं लागेल. आणखी दोन तपासण्या पाठवतो. त्या येईपर्यंत डोक्यात नको ते आणू नका."

नको ते आणू नका म्हटल्यावर आईच्या डोक्यात दुसरं काय येणार? सून तेव्हापासून त्या नको त्या गोष्टींची नावंसुद्धा मनात उच्चारत नव्हती. उच्चारलं तर खरं होईल, अशी तिला भीती वाटत होती. नणंद दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथली मैत्रीण अकराच्या सुमारास फोन करून निकाल सांगणार होती. सुनेचा जीव त्या अकराच्या ठोक्याला टांगलेला होता.

"तेलात कस राहिला नाही हल्ली," सासूबाई म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची त्यांची. गुडघे गेल्यापासून त्या तिथूनच घर चालवत. "भाजीही बेचव. मी डाव हातात धरला होता तेव्हा एक पोर पडलं नाही मैदानावर. एक नाही."

"आई, तेलाने रक्त होत नाही," नणंद म्हणाली.

"मग कशाने होतं ते तू सांग. तू शिकलेली."

"तेच शोधतेय."

नवरा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. शाळेच्या स्वयंपाकघराची सगळी व्यवस्था तो पाहायचा. सामान आणणं, माणसं लावणं, मुख्याध्यापिकांशी गोड बोलणं ही सगळी कामं त्याची. एरवी तो फार बोले. आज मात्र त्याच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते काळजीमुळेच असणार असं सून धरून चालली होती.

चिमणी सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. तेरा वर्षांची, हनुवटीला पांढरी पट्टी. तिचं हे नाव तिच्या खाण्यावरून पडलं होतं आणि घरात ते कौतुकाने घेतलं जाई. चिमणीचं पोट ते, केवढं असणार! तिचा जुळा भाऊ जमिनीवर बसला होता. त्याला सगळे इंजिन म्हणत, कारण त्यात सतत काहीतरी टाकावं लागे. शाळेत जेवून आला की घरी दारातूनच 'काय आहे?' ओरडे, आणि पाच पाव संपल्यावर विचारी की जेवण कधी आहे. गुरुवारपासून इंजिन थंड होतं. आज तर त्याने पावाकडे पाहिलंसुद्धा नाही. भावाचं किती प्रेम ते बहिणीवर, असं वाटून सुनेचे डोळे दोनदा भरून आले होते.

नणंदेने पर्समधून कागद आणि पेन काढलं. "फोन येईपर्यंत आपण एक काम करू. चिमणे, बुधवारी दिवसभरात काय काय खाल्लंस ते मला सांग. पडायच्या आदल्या दिवशी."

"सगळं," चिमणी म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"जे होतं ते."

"सकाळी?"

"दूध. अर्धा कप. उशीर झाला होता."

"शाळेत?"

चिमणीच्या वतीने सुनेनेच उत्तर दिलं, "भात, वाटाण्याची भाजी आणि अंडं. बुधवारी अंडंच असतं. ताई, मी स्वतः वाढते. ताट रिकामं परत येतं हेही स्वतः बघते. खाण्यापिण्याकडे माझं लक्ष नाही असं काही लिहू नका हं त्या कागदावर."

"वहिनी, तसं कुठे म्हणतेय मी? पण ताट रिकामं झालं हे ताटाचं झालं. पोटाचं काय?"

हे सुनेला लागलं. लागणारच होतं, कारण रिकामं ताट हा त्या घराचा मान होता. सासूबाईंनी पूर्वी एक नियम घालून दिला होता. ताटात अन्न टाकून उठायचं नाही, आणि ज्याने टाकलं त्याने ते संपेपर्यंत जेवणघरातल्या खांबाजवळ उभं राहून खायचं. रोज शेवटी तरीही उरलेल्या उष्ट्याच्या दोन बादल्या काट्याला लावायच्या, एक मुलांच्या रांगेची, एक मुलींच्या. बादली जितकी हलकी तितकं वाढणारीचं कसब मोठं. सासूबाईंच्या काळात मुलींची बादली जड भरायची. सून आली आणि दोन वर्षांत तिने ती हलकी करून दाखवली. त्याबद्दल मुख्याध्यापिकांनी एकदा सगळ्या शिक्षकांसमोर तिचं नाव घेतलं होतं.

तिची युक्ती अगदी साधी होती. मुलगा समोर आला की डाव भरून वाढायचा आणि विचारायचं, "आणखी?" मुलगी समोर आली की आधी विचारायचं, "अर्धा पुरे?" मुली लाजतात, जास्त वाढलं तर टाकतात, मग खांबाजवळ उभ्या राहतात आणि बाकीचे हसतात. ते टळावं म्हणून ती विचारायची. यात तिचा काही स्वार्थ नव्हता, पोरींची कणवच होती. मुली 'पुरे' म्हणायच्या, अर्धा डाव घ्यायच्या आणि पुढे सरकायच्या. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

"मुलींची बादली आता मुलांच्या बादलीपेक्षा हलकी असते," ती नणंदेला म्हणाली. "विचारा कुणालाही."

नणंदेने पेन खाली ठेवलं. "माहीत आहे मला. म्हणून तर गेल्या वर्षी मी दादाला सांगितलं होतं."

फेऱ्या थांबल्या.

"काय सांगितलं होतं?" सुनेने विचारलं.

"सांगितलं नाही याने तुला? शाळेची आरोग्य तपासणी आम्हीच केली ना. सातवीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त मुलींचं रक्त कमी निघालं. मुलांत एवढं नव्हतं. मी म्हटलं, दादा, जेवण तर एकाच पातेल्यातलं आहे, मग वाढण्यात काही फरक होतोय का ते वहिनीला विचार."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे पाहत होता. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"अहो?"

"तेव्हा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं," तो म्हणाला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर झोपली नसतीस."

"म्हणजे माझी झोप जाऊ नये म्हणून तुम्ही गप्प बसलात?"

"वाढण्यावर बोट ठेवायचं म्हणजे आईच्या नियमावर बोट ठेवायचं. या घरात कुणी ठेवलंय आजवर? मला वाटलं, मुलीच त्या, थोड्या नाजूक असायच्याच."

"त्याच्यावर कशाला घसरतेस?" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "शाळाभर मुली आहेत, त्याला काय प्रत्येकीचं रक्त तपासत बसायचंय? आणि तू तरी रोज समोर होतीस की. मग दिव्याखाली अंधार कसा राहिला?"

सून काही बोलणार होती, पण नणंद आधी बोलली. "आई, दादाला पाठीशी घालू नकोस. आज इथे चिमणी बसलीय, उद्या आणखी कुणाची तरी मुलगी बसेल." एरवी नणंद-भावजयीचं भाजीतल्या मिठावरूनही पटत नसे. आता नणंद येऊन तिच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि सुनेला तो आधार हवासा वाटला आणि त्याची भीतीही वाटली. नणंद इतकी गोड वागते आहे म्हणजे निकाल वाईट येणार, असं तिच्या मनाने घेतलं.

अकराला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला.

नणंदेने तो कानाला लावला आणि "हं," म्हणाली. मग पुन्हा "हं." मग एक आकडा दोनदा उच्चारला. सून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वरणाला उकळी कधी फुटणार हे जिला वाफेवरून कळायचं, तिला त्या चेहऱ्यावरून काहीएक कळेना. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली की बोटं दुखायला लागली.

"दुसरं काही नाही," नणंद फोन ठेवत म्हणाली. "तसलं काहीही नाही."

सून पदर तोंडाला लावून रडली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. सासूबाईंनी हात जोडले. नवरा येऊन चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बघ, उगाच घाबरवलंस सगळ्यांना." चिमणी कसनुशी हसली.

नणंदेचा चेहरा मात्र सैल झाला नव्हता. "अजून माझं झालेलं नाही. हिच्या अंगात लोहाचा साठाच उरलेला नाही. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली, म्हणजे रक्त जायला लागलं आणि गरज वाढली. आत मात्र काही आलंच नाही. हा आजार नाही, दादा. हिच्या पोटात पुरेसं अन्न गेलेलं नाही. थोडंथोडकं नाही, दोन-तीन वर्षं."

"आपल्या घरात?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं.

मग जमिनीवरून आवाज आला.

"तिचं मी खायचो," इंजिन म्हणाला.

सुनेला आधी वाटलं, पोरगा घाबरून काहीही बोलतोय. "काय खायचास?"

"ताटातलं. आम्ही समोरासमोर बसतो ना. तू पातेलं बदलायला वळलीस की ती ताट तिरकं करते. भात येतो, भाजी येते. बुधवारी अंडं." त्याचा आवाज नुकताच फुटू लागला होता, तो मध्येच चिरकला. "बुधवारी दोन अंडी मिळाली मला. दुसरं तिच्या शेजारणीचं होतं."

"शेजारणीचं?"

"सगळ्याच देतात, आई. आमच्या टेबलावर सहा मुली आहेत. मी कधी मागितलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही."

सुनेचा हात उठला. तो खरंच उठला होता, आणि पोरगं मार खायच्या तयारीने मान खाली घालून बसलं होतं. दोन दिवस ज्याला ती बहिणीवरची माया समजत होती, ते हे होतं तर! तेवढ्यात चिमणी सोफ्यावरून उतरली आणि मध्ये येऊन उभी राहिली.

"त्याला नको मारूस. मीच द्यायचे. नाही दिलं तर खांबाजवळ उभं राहावं लागतं."

"पण मी तुला वाढायचे तरी किती गं? अर्धा डाव! त्यातलंही तू..." सुनेचं वाक्य तिथेच थांबलं. आपण काय बोलतोय ते तिच्या कानांनी ऐकलं होतं.

चिमणी शांतपणे बोलत होती. तिच्या बोलण्यात राग असता तर सुनेला बरं वाटलं असतं. "पाचवीत पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, 'अर्धा पुरे ना, चिमणे?' मला तेव्हा खूप भूक लागली होती."

"मग सांगायचं नाही का?"

"माझ्या पुढच्या सगळ्या 'पुरे' म्हणाल्या होत्या. मागे पण सगळ्या उभ्या होत्या. एकीने एकदा पूर्ण मागितला, तर मुलं वर्षभर तिला पोतं म्हणत होती. आणि तू मला आधीच चिमणे म्हणालीस. सगळे हसले. छान हसले, वाईट नाही. मग मी काय म्हणणार होते?"

"आणि अर्ध्यातलं देत का होतीस?"

"टेबलावर कुणी आधी संपवत नाही ना. थोडं खाल्लं की सगळ्या थांबतात. मग मीही थांबते." तिने खांदे उडवले. "नंतर नंतर बरंही वाटायचं. अंग हलकं वाटायचं पळताना."

नणंदेने कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. त्यावर लिहिण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

सुनेच्या डोळ्यांपुढे ती रांग उभी राहिली. एकामागून एक पुढे येणारी ताटं, आणि प्रत्येक ताटावर तिचा स्वतःचा आवाज. अर्धा पुरे? अर्धा पुरे? किती प्रेमाने विचारत होती ती! तीनशेतल्या एकशे चाळीस मुली, वर्षाचे दोनशे दिवस, अठरा वर्षं. ज्या बादलीचा तिने मान मिरवला ती हलकी होती, कारण मुलींचं अन्न मुलांच्या पोटात जात होतं. आणि हे तिच्या पाठीमागे, दहा हातांवर घडत होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की लेकीच्या पट्टीकडे बघवेना.

"सोमवारी शाळेत काय सांगायचं?" नवरा हळूच म्हणाला. "कमी रक्त निघालं एवढंच सांगू. बाकीचं घरातलं घरात राहू दे. नाहीतर हात दाखवून अवलक्षण व्हायचं."

"गप्प बैस," सासूबाई म्हणाल्या.

मुलाला त्या असं कधी बोलत नसत. सगळेच चमकून त्यांच्याकडे बघायला लागले.

"मुलींना विचारून वाढ, हे मीच शिकवलं हिला," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचे हात मांडीवर एकमेकांना चोळत होते. "पहिल्या महिन्यात ही सगळ्यांना सारखंच वाढायची. मुलींची बादली भरली की मला राग यायचा. अन्न टाकलेलं मला बघवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मीच म्हटलं, मुलींचं पोट लहान, त्यांना अर्धंच दे. ही बिचारी म्हणाली, न विचारता कसं देऊ? म्हणून ही विचारायला लागली." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तेवढा एक शब्द तू तुझ्याकडून घातलास. बाकी सगळं माझं."

सुनेच्या लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण सासूबाईंनी कुठली चूक आपल्या अंगावर घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि आज घेतली तर तिचा भार काही हलका झाला नाही. उलट त्या म्हाताऱ्या हातांची तिला कीव आली.

"शाळेत मी सांगेन," ती नवऱ्याला म्हणाली. "सगळं सांगेन. खांबाचंही आणि माझंही. मुख्याध्यापिकांना दुसरी कुणी वाढायला ठेवायची असेल तर ठेवू देत."

"अगं पण..."

"दादा, मी जाणार आहे वहिनीबरोबर," नणंद म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

"आधी त्या पोरीला खायला घाला," सासूबाई म्हणाल्या. "बोलण्याने रक्त होत नाही, एवढं मला अडाणीलाही कळतं."

मग एकच धावपळ झाली. नवऱ्याने अंडी सोलायला घेतली, नणंदेने भाजी गरम केली, कुकरमधला भात पातेल्यात आला. इंजिनाने कुणी न सांगता बहिणीचं ताट मांडलं आणि स्वतः लांब, पार दाराशी जाऊन बसला. चिमणीला टेबलाशी बसवलं. सगळे तिच्याभोवती उभे राहिले. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढायला लावली.

"चांगला डोंगर वाढ," त्या म्हणाल्या.

"दोन अंडी घाल," नवरा म्हणाला.

"लिंबू पिळ, लोह अंगी लागतं," नणंद म्हणाली.

चिमणी रिकाम्या ताटाकडे पाहत होती. परीक्षेचा पेपर उलटा ठेवलेला असावा तशी. सून डाव हातात घेऊन उभी होती आणि तिला दिसलं, की ही पोर आताही खाणार नाही, फक्त आपण सांगू तेवढं संपवेल. सगळे बघत असताना हे टेबल म्हणजे तोच खांब होता.

"तुम्ही सगळे बाहेर जा," ती म्हणाली.

"अगं, मी तिची आजी..."

"आई, तुम्हीसुद्धा. जरा वेळ."

नवऱ्याने सासूबाईंना हाताला धरून बाहेर नेलं. इंजिन आधीच उठला होता. नणंदेने जाताना दार लोटलं. दोघीच उरल्या.

'अर्धा' जिभेवर आला होता. अठरा वर्षांची सवय, डाव हातात आला की तो शब्द आपोआप यायचा. सुनेने तो गिळला. 'आणखी' हाही तिला नको होता, त्यातही उत्तर आधीच घातलेलं होतं. ज्यात उत्तर नाही असा प्रश्न शोधायला तिला बराच वेळ लागला.

"किती वाढू?" तिने विचारलं.

चिमणीने भाताकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं. तिने खरंच मनापासून विचार केला. सून थांबली. तिने घाई केली नाही, डाव हलवला नाही.

"मला कळत नाहीये," चिमणी शेवटी म्हणाली. तिचे डोळे आता भरले होते. "भूक किती लागलीय ते कसं कळतं? आई, तुला कसं कळतं?"

सुनेने सांगायला तोंड उघडलं. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात जेवढं उरतं तेवढं ती उभ्याउभ्या खात आली होती, माहेरीही आणि इथेही. तिची भूक किती होती हे पातेल्याने ठरवलं होतं. ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली, आणि लेक उत्तराची वाट बघत राहिली.